हळदीचे पॉलिश आणि हळदीचा रंग

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना एकदा तरी जाऊन उभे राहावे. पोत्यांतून काढलेली वानगी समोर मांडलेली असते. व्यापारी एखादे हळकुंड उचलतो, मोडून आतला रंग पाहतो, नाकाशी नेतो आणि मगच भाव बोलतो. शेतातून निघालेली हळद अशी नसते. ती मातकट, खरबरीत, मुळ्यांनी वेढलेली असते. तिला शिजवतात, कित्येक दिवस उन्हात वाळवतात आणि शेवटी फिरत्या पिंपात घालून घोळवतात. एकमेकांवर घासून हळकुंडांची वरची साल निघते व आतला पिवळा रंग उजळून येतो. याला पॉलिश म्हणतात. पॉलिश केलेली हळद विकणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही, कारण घेणाऱ्यालाही ते ठाऊक असते आणि चमकणारा रंग हळदीचा स्वतःचाच असतो.

दुसराही एक उपाय आहे. मेटॅनिल यलो नावाचा कारखानी रंग किंवा शिसे असलेले लेड क्रोमेट चोळले, की किडकी, जुनी, फिकी हळदसुद्धा नव्या पिकासारखी दिसू लागते. हा मात्र गुन्हा आहे आणि तो खाणाऱ्याच्या पोटात उतरतो. चमक दोन्हीकडे सारखीच. दुरून पाहणाऱ्याला फरक कळणारही नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत या फरकाचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. ती आणली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने.

हा मुलगा तासगावच्या बाजूचा. पदवीपर्यंत शिकला, पुण्यात वर्षभर एका कंपनीत राबला आणि वडील गेल्यावर घरी परत आला. चार एकर द्राक्षबाग, तिच्यावरचे कर्ज, आई आणि सांगलीत खोली घेऊन शिकणारा धाकटा भाऊ, एवढा त्याचा संसार. वय तिशीच्या पुढे सरकलेले. विवाह जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावर त्याने नाव नोंदवले होते आणि 'व्यवसाय' या रकान्यात 'शेती' असे सरळ लिहिले होते. आठ महिन्यांत एकाही मुलीकडून वा तिच्या घरून साधी चौकशी आली नाही. त्याची आई त्याला घेऊन माझ्याकडे आली आणि मोबाईल माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "सर, तुमीच लिवा. आमी लिवल्यालं कोण बगत न्हाई."

मी लिहिले. पस्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला शब्द कुठे कसे ठेवावेत हे सांगावे लागत नाही. 'शेती'च्या जागी मी 'कृषी-उद्योग व द्राक्ष निर्यात' असे घातले. दोन वर्षांपूर्वी एका निर्यातदाराने त्याचा माल खरोखरच उचलला होता. वास्तव्याच्या रकान्यात 'सांगली' घातले. भावाची खोली होतीच. उत्पन्न म्हणून एका भरघोस सालाची एकूण विक्री घातली, औषधे, मजुरी, खते आणि व्याज वजा न करता. फोटो त्याने स्वतःच निवडला होता, मित्राच्या मोटारीला टेकून काढलेला. सगळे लिहून झाल्यावर मी पुन्हा एकदा वाचले आणि मनोमन समाधान मानले, की यात एकही शब्द खोटा नाही.

या समाधानाविषयीच मला लिहायचे आहे.

खोटा शब्द न उच्चारता खोटा समज निर्माण करण्याची कला जुनी आहे आणि तिच्याबद्दलची नैतिक चर्चाही तितकीच जुनी. संत अथानासियसविषयी एक आख्यायिका नीतिशास्त्राचे शिक्षक नेहमी सांगतात. त्यांना पकडण्यासाठी नाईल नदीतून शिपाई पाठलाग करीत होते. अथानासियसांनी आपली नाव उलटी फिरवली आणि ते शिपायांच्या समोरूनच जाऊ लागले. शिपायांनी विचारले, अथानासियस जवळपास आहे काय? उत्तर मिळाले की तो फार दूर नाही. शिपाई घाईने पुढे निघून गेले. ही गोष्ट ऐकून आपण हसतो, कारण त्या शिपायांना ते उत्तर मिळण्याचा काही अधिकार नव्हता. ते जीव घ्यायला निघाले होते. परंतु विवाहाच्या इच्छेने एखाद्याची माहिती वाचणारी मुलगी त्याच्या मागावर निघालेली नसते. ती आपले उभे आयुष्य हातात घेऊन आलेली असते. तिच्यासमोर नाव उलटी फिरवण्याचे कारणच काय?

संत ऑगस्टीन याहून कठोर. असत्य या एकाच विषयावर त्यांनी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, एक इ.स. ३९५च्या सुमारास व दुसरा ४२०च्या सुमारास. असत्य जिभेवर नव्हे, मनात ठरते असा त्यांचा रोख आहे. मनात एक ठेवून ऐकणाऱ्याला दुसरे पटवण्याची इच्छा धरली की असत्याला सुरुवात झाली. त्यांच्या मापाने मोजल्यास माझा एकेक खरा शब्द अपराधी ठरतो, कारण वाचणारीने या मुलाला सांगलीत राहणारा सधन व्यापारी समजावे अशीच माझी इच्छा होती. बाग दिसू नये म्हणूनच तर मी ते सर्व लिहिले होते.

पूर्वी असे होत नसे, असे म्हणण्याचा मोह या वयात होतो. तो मी आवरतो. सांगलीपासून अगदी जवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. चिंचेच्या झाडांच्या रस्त्याने तिथे जाता येते. पूर्वी तिथल्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवीत. गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म १८५५ मध्ये याच हरिपुरातला. त्यांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आले आणि ते नाटक तरी दुसरे कशावर आहे? पंचाहत्तरीच्या घरातल्या भुजंगनाथाला नवरदेव म्हणून उभे करणारा भद्रेश्वर दीक्षित हा आजच्या प्रोफाइल लिहून देणाऱ्यांचा पूर्वजच म्हणायचा. (त्या वंशावळीत माझेही नाव आले, हे कबूल केले पाहिजे.) त्या नाटकातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. लग्न अखेर थांबते ते वराच्या वयामुळे नव्हे, वधू-वर सगोत्र निघाल्यामुळे. म्हातारपण डोळ्यांना दिसत असूनही कोणाला अडसर वाटत नाही, आणि गोत्राच्या रकान्यात चूक निघताच मांडव थिजतो. समाजाला कोणत्या खोटेपणाचा राग येतो आणि कोणता तो मुकाट्याने गिळतो, हे देवलांनी शंभरावर वर्षांपूर्वी दाखवून ठेवले आहे.

त्याहीआधीची कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. याकोबाने हातांना व गळ्याला करडांची कातडी गुंडाळून आंधळ्या बापासमोर एसाव म्हणून स्वतःला उभे केले. पुढे त्याच याकोबाने राहेलीसाठी सात वर्षे चाकरी केली आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाहतो तो जवळ लेआ. लाबानाने थोरली मुलगी बुरख्याआड खपवली होती. फसवणारा फसला, असा बोध काढून आपण ही कथा मिटवतो. मला अलीकडे लेआचा विचार अधिक सतावतो. बापाने तिला दुसरीच्या नावावर दिली. ती रात्र तिने कोणत्या भयात काढली असेल? उजाडेल आणि आपण आपण आहोत हे कळेल, या भयात. बनावट ओळखीने ज्याला प्रेम मिळते त्याला ते स्वतःला मिळालेलेच नसते. ते त्या बुरख्याला मिळालेले असते.

तेव्हा फसवणूक नवी नाही. नवे काय झाले आहे ते वेगळ्या ठिकाणी शोधले पाहिजे. सोयरीक पूर्वी बाजारात, जत्रेत, एखाद्याच्या ओसरीवर जुळत असे. मध्यस्थ तिखटमीठ लावी, पण त्याचे बोलणे तपासायला मुलीचा मामा त्या गावी जाऊन येई. पारावर चहा पिता पिता बागेचे क्षेत्र, विहिरीचे पाणी, सोसायटीचे कर्ज आणि सासूचा स्वभाव ही सगळी माहिती त्याला न मागता मिळत असे. त्या व्यवस्थेत जाच होता, जातीची कुंपणे होती, मुलीला तर कोणी काही विचारतही नसे. कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन तिने यायचे आणि खाली मान घालून बसायचे. त्या दिवसांची आठवण काढून उसासे टाकावेत असे त्यात काही नाही. परंतु त्यात माणूस स्वतःबद्दल बोलणारा एकटा साक्षीदार नसे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १९९५ मध्ये खुले झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस विवाह जुळवणारी संकेतस्थळे निघाली. मुलीला स्वतः निवडण्याची मोकळीक त्यांनी दिली, ही त्यांची मोठी देणगी होय. त्याच वेळी पारावरचा शेजारी नाहीसा झाला. आता आरोपीही मी, वकीलही मी आणि साक्षीदारही मीच.

सोळावे बेनेडिक्ट यांनी जानेवारी २०११ मध्ये संपर्कमाध्यम दिनासाठी जो संदेश दिला त्यात या नव्या माध्यमावर माणूस स्वतःचे जे चित्र उभे करतो त्याचाच विचार आहे. स्वतःची ओळख मांडताना प्रामाणिक राहणे हे आव्हान त्यांनी तरुणांपुढे ठेवले आणि बनावट चित्रात रमण्याचा धोका सांगितला. इंटरनेटला ते सैतानाचे यंत्र मानत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सरकारनेही जून २०१६ मध्ये अशा संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नाव नोंदवणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी, हे स्थळ विवाहासाठी आहे हे त्याच्याकडून मान्य करून घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. माझा विद्यार्थी त्या तपासणीत पहिल्या झटक्यात उत्तीर्ण झाला असता. त्याचे नाव खरे होते, आधारकार्ड खरे होते, हेतूही लग्नाचाच होता.

माझ्या लेखनाचा गुण आला. पंधरा दिवसांत चौकशा येऊ लागल्या. त्यांतून कऱ्हाडकडच्या एका मुलीशी त्याचे बोलणे सुरू झाले. ती एका रुग्णालयात परिचारिका होती. बोलणे वाढले. तिच्या फोटोत ती लांब बाह्यांच्या पोशाखात होती. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने स्वतःहून सांगितले की तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत कोड आहे. सोबत हाताचा फोटोही पाठवला. तिने लिहिले होते, की पुढे बोलायचे की नाही हे हा फोटो पाहून ठरवावे. याने उत्तर दिले की त्याला त्याचे काही वाटत नाही. आणि ते अगदी खरे होते. मला तो फोटो दाखवताना त्याचे डोळे भरून आले होते. तिचा विश्वास पाहून तो हरखून गेला होता. मीही.

आम्हा दोघांपैकी एकालाही त्या दिवशी असे सुचले नाही, की आता उत्तर देण्याची पाळी आपली आहे.

तीन महिन्यांनी ती आपल्या काकांना घेऊन घर पाहायला आली. मुलाच्या आईने मला मुद्दाम बोलावून घेतले होते. सांगलीची खोली दाखवून वेळ मारून न्यावी असा माझा सल्ला होता. मुलाने तो मानला नाही, एवढे श्रेय त्याचे. त्याने त्यांना सरळ बागेतल्या घरी आणले. घर पत्र्याचे, नीटनेटके. ती बागेत हिंडली, मुलाच्या आईशी मोकळेपणाने बोलली. मग ओसरीवर बसून तिने मोबाईलमध्ये ती माहिती उघडली, शांतपणे वाचली आणि विचारले, "हे कुणी लिहिलं?" मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मीच." माझ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. मी खुर्चीवर बसून होतो आणि हातात चहाची कपबशी होती.

काकांना राग आला होता, ते कर्जाविषयी बोलत राहिले. ती मात्र एवढेच म्हणाली, की शेती असण्याबद्दल तिची तक्रार नाही; पण आपण हात उघडा केला तेव्हा समोरच्याने बाही खाली ओढून घेतली होती, हे आता कळले. ते लोक निघून गेले. पुन्हा बोलणे झाले नाही.

त्या मुलीनेही कोडाची गोष्ट जाहीर माहितीत लिहिली नव्हती, मग तिच्यात आणि याच्यात फरक काय, असे कोणी विचारील. मी स्वतः त्या रात्री हाच युक्तिवाद करून पाहिला; अपराधी माणसाला असे युक्तिवाद लवकर सुचतात. परंतु तो टिकत नाही. शेकडो अनोळखी डोळ्यांपुढे आपल्या देहाची प्रत्येक खूण मांडावी असे बंधन कोणावरही नाही. बाजाराला नको तेवढे सांगणे म्हणजे सत्यनिष्ठा नव्हे. तिथे लांब बाही शोभते. पण त्या शेकडोंतून जेव्हा एक माणूस पुढे येतो, त्याच्या मनात आशा धरू लागते, तेव्हा ती गोष्ट त्याची होते. ती आपल्यापाशी असली तरी आपली उरत नाही. तिच्यावाचून त्याला मोकळेपणाने होय किंवा नाही म्हणता येत नाही. जे सांगितल्यावाचून समोरच्याचा होकार खरा होकार ठरत नाही, ते त्याचे देणे असते. आणि ते वेळेवर द्यावे लागते. मन गुंतल्यावर दिलेले सत्य हे देणे फेडत नाही, ते फक्त पेच टाकते. तिने चौथ्या-पाचव्या दिवशी दिले. आम्ही तीन महिने ठेवून घेतले.

कायद्यांनाही ही गोष्ट उशिराच उमगली. हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्यात जोडीदाराविषयीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत फसवून संमती घेतल्यास विवाह रद्द ठरवता येईल हे शब्द १९७६च्या दुरुस्तीने आले. आपल्या धर्मसभेच्या १९१७च्या विधिसंहितेत असे कलम नव्हते; १९८३च्या संहितेत १०९८वे कलम प्रथमच आले. संमती मिळवण्यासाठी एखाद्या गुणाबाबत कपट केले असेल आणि तो गुण स्वभावतःच वैवाहिक जीवन गंभीरपणे विस्कटून टाकणारा असेल, तर तो विवाह विवाहच नव्हे, असे ते सांगते. 'स्वभावतःच' या शब्दात सारे आहे. उंची दोन इंच वाढवून सांगणे, वाचनाची आवड नसता ती लिहिणे, दहा वर्षांपूर्वीचा फोटो लावणे या गोष्टी हास्यास्पद असतील, पण बहुधा पॉलिशमध्ये मोडतात. किंबहुना त्यांतल्या काहींबद्दल मला एक प्रकारची ममताच वाटते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थाने लग्नाआधी 'शास्त्रीय संगीताची आवड' असे दडपून लिहिले होते आणि मग लाजेपोटी तो मिरजेच्या मैफलींना जाऊ लागला. आज तो जाणकार श्रोता आहे. माणूस हळकुंडासारखा नसतो. तो कधी कधी आपण लिहिलेल्या माहितीच्या दिशेने वाढतो. विधान म्हणून जे खोटे, ते संकल्प म्हणून खरे ठरू शकते. पण कर्ज संकल्पाने फिटत नाही, आणि ते पत्नीलाही फेडावे लागते.

इथवर दोष आमचा. आता दुसऱ्या बाजूकडेही पाहिले पाहिजे, कारण आठ महिने खरे लिहूनही त्या मुलाला कोणी का विचारले नाही, हा प्रश्न तसाच राहिला आहे. शेतकरी नवरा नको, हे आमच्या भागात आता घरोघरचे वाक्य आहे, आणि शेतकरीच ते आपल्या मुलीच्या बाबतीत सर्वांत मोठ्याने बोलतात. मुलींना मी दोष देणार नाही. छाटणीपासून काढणीपर्यंत एका अवकाळी पावसावर टांगलेला जीव आईच्या रूपाने त्यांनी जवळून पाहिलेला असतो. परंतु आणखी एक हिशेब आहे आणि तो आम्हा सांगलीकरांना टाळता येणार नाही. २००१च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८५१ मुली होत्या. त्या वेळची ती बालके आज लग्नाच्या वयाची आहेत. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये मार्च २०१७ मध्ये १९ अर्भकांचे अवशेष सापडले, तेव्हा सारा देश हळहळला. त्या हळहळीला उशीर झाला होता. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात अविवाहित तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चाने गेले. आम्हाला मुलगी मिळवून द्या, असे त्यांचे मागणे होते. वर्तमानपत्रांनी तो गमतीचा विषय केला. मला त्यात गंमत दिसली नाही. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत त्यांच्याशी या मुलांची लग्ने व्हायची होती, आणि आता ते मोबाईलवर मित्राच्या मोटारीला टेकून उभे आहेत.

खरे बोलणाऱ्याला उपाशी ठेवणारा बाजार खोट्याची पैदास करतो. याने खोटे बोलणारा सुटत नाही; पण रकाने आखणारे आणि वाचणारेही या व्यवहारात आहेत. 'गोरी, सडपातळ, नोकरी करणारी' असे अपेक्षांच्या रकान्यात लिहिणारा मुलगा कोड असलेल्या मुलीच्या बाह्या लांब करीत असतो. 'पुण्यात स्वतःचे घर हवेच' असे लिहिणारे वडील कुणाच्या तरी 'शेती'चे 'कृषी-उद्योग' करीत असतात.

या साऱ्यात मला एक उदाहरण धीर देते आणि तेही आपल्याच महाराष्ट्रातले आहे. सांगली जिल्हा एके काळी एचआयव्हीचा प्रादुर्भाव अधिक असलेल्या जिल्ह्यांत गणला जाई. १९९२ मध्ये 'संग्राम' ही संस्था इथे सुरू झाली ती या लागणीचे काम घेऊनच, आणि मीना शेषू व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम समाज ज्यांना माणसांत धरत नाही अशा स्त्रियांच्या बरोबरीने उभे केले. लागण झालेल्या माणसाने लग्नाची इच्छा धरावी हे त्या काळी कोणाच्या कल्पनेतही बसत नसे. १९९८ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने एका डॉक्टरच्या प्रकरणात अशा व्यक्तीचा विवाहाचा अधिकार स्थगित असल्याचे मत नोंदवले. रुग्णालयातून त्याच्या लागणीची बातमी फुटून त्याचे ठरलेले लग्न मोडले होते. डिसेंबर २००२ मध्ये न्यायालयाने ते मत दूर केले. त्यानंतर २००६ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्यातले एक अधिकारी अनिल वळीव यांनी केवळ एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी 'पॉझिटिव्ह साथी' हे विवाहाचे विनामूल्य संकेतस्थळ सुरू केले.

अशा ठिकाणी काय घडते याचा विचार करावा. जी गोष्ट इतरत्र शेवटपर्यंत लपवली गेली असती, ती इथे पहिलीच आहे. किंबहुना तिथे नाव नोंदवणे हेच ती सांगणे आहे. आपल्याकडचे सर्वांत अवघड सत्य उंबऱ्याबाहेर ठेवूनच प्रत्येक जण आत येतो. मग आत गेल्यावर उंची, शिक्षण, छंद, स्वभाव याविषयी थोडे पॉलिश कोणी केलेच, तर ते पॉलिशच राहते, कारण खालच्या हळदीची खात्री दोघांनाही असते. ज्यांच्याकडे लपवण्यासारखे सर्वांत जास्त होते त्यांना ही मोकळीक मिळाली. आणि ज्यांच्याकडे चार एकर बाग आणि एक पीककर्ज, एवढेच लपवण्यासारखे होते ते आम्ही तीन महिने भयात काढले. हे लिहिताना मला कोणाच्या आजाराचे गोडवे गायचे नाहीत. लागण झालेल्यांनाही ती मोकळीक समाजाने दिलेली नाही. ती त्यांना वेगळ्या आवारात जाऊन मिळवावी लागली. एरवीच्या आवारात ती का मिळू नये, हे मला अजून कळलेले नाही.

मुलीची माणसे निघून गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याच्यासमोर, त्याच्या आईसमोर, ते लिखाण माझे होते व त्याने ते अंगावर घेतले याबद्दल क्षमा मागितली. त्याला अवघडल्यासारखे झाले. "राहू द्या सर," एवढेच तो म्हणाला. मी त्या मुलीला पत्र लिहून खरे काय ते कळवू का, असे विचारले, तर नको म्हणाला. लिहिणारा कोणीही असला तरी तीन महिने बोलणारा तोच होता, हे त्याचे म्हणणे. विद्यार्थ्याकडून शिकण्याचे प्रसंग शिक्षकाला नवे नसतात, तरी त्या दिवशी मला खाली पाहावे लागले.

नवी माहिती त्याने स्वतः लिहिली आहे. मला वाचायला दिली तेव्हा मी एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला, बाकी हात लावला नाही. व्यवसाय : द्राक्षशेती, चार एकर. वास्तव्य : तासगावजवळ, शेतातल्या घरात. उत्पन्न : सालावर अवलंबून. त्याखाली कर्जाचा आकडा आणि ते किती वर्षांत फिटेल याचा अंदाज. दोन वर्षांत तीन ठिकाणांहून विचारणा आली आहे. एका ठिकाणी बोलणे चालू आहे, अजून ठरलेले काही नाही. त्याची आई म्हणते की आकडा तेवढा काढून टाकावा. त्याने तो ठेवला आहे. फोटोही बदलला आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारणीच्या दिवसांत भावाने काढलेला, मागे बागेच्या ओळी, आणि बोर्डो मिश्रणाने कोपरापर्यंत निळे झालेले त्याचे दोन्ही हात.